पोटमाळ्यावरील विद्युत जोडणी

पोटमाळ्यावरील विद्युत जोडणी म्हणजे घराच्या छपराखालील माळ्यावर किंवा खोलीच्या आत उंचावर बांधलेल्या पोटमाळ्यावर दिवे, पंखे व इतर उपकरणांसाठी नवीन सॉकेट बसवून ते घराच्या मूळ वायरिंगला जोडण्याचे काम होय. बोलीभाषेत याला 'माळ्यावर पॉइंट काढणे' असे म्हणतात. वरवर पाहता हे काम किरकोळ वाटते. प्रत्यक्षात नवीन सॉकेटचा भार घरातील जुन्या तारा, वितरण पेटी, अर्थिंग आणि मीटर या सर्वांवर पडतो. शिवाय छपराखालची उष्णता, पावसाची गळती, उंदरांचा उपद्रव आणि साठवलेले ज्वालाग्राही सामान यांमुळे पोटमाळ्यावर वीजधक्क्याचा व आगीचा धोका इतर खोल्यांपेक्षा अधिक असतो. भारतात असे काम विद्युत संचमांडणीतील वाढ मानले जाते व ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेणे बंधनकारक आहे.

पार्श्वभूमी

कोकणातील कौलारू घरांत आणि देशावरील जुन्या वाड्यांत माळा ही मुख्यतः साठवणीची जागा होती. धान्य, कडधान्ये, नारळ, जळाऊ लाकूड, मोठी भांडी आणि सणासुदीलाच लागणाऱ्या वस्तू तेथे ठेवल्या जात. माळ्यावर फार वेळ कोणी थांबत नसल्यामुळे तेथे कायमच्या दिव्याची गरज भासत नसे. त्यामुळे ज्या घरांत नंतर वीज आली, त्यांतील बहुतेकांचे मूळ वायरिंग माळ्याचा विचार न करताच झालेले आढळते.

मुंबईच्या चाळींत एका खोलीच्या बिऱ्हाडाला जागा अपुरी पडू लागल्यावर खोलीच्या उंचीचा फायदा घेऊन पोटमाळे बांधले गेले. तेथे घरातील माणसे झोपत, मुले अभ्यास करीत. पत्र्याच्या छपराच्या घरांतही अशीच सोय केली जाते. पूर्वी अशा जागी एक दिवा व एक पंखा पुरेसा होता. आता लॅपटॉप, भ्रमणध्वनीचा चार्जर, राउटर, इस्त्री आणि कधीकधी वातानुकूलन यंत्रही तेथे वापरले जाते. अशा वेळी अनेक घरांत खालच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्डची तार शिडीच्या कडेने वर नेली जाते आणि तात्पुरती म्हणून केलेली ही सोय वर्षानुवर्षे तशीच राहते.

पोटमाळ्यावरील विशेष धोके

उष्णता : पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराखाली उन्हाळ्यात हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त होते. तारेवरील साध्या पीव्हीसी आवरणासाठी वाहकाची कमाल तापमानमर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. भोवतालची हवाच तापलेली असली की तारेत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडत नाही. त्यामुळे तारेची विद्युतप्रवाह वाहून नेण्याची सुरक्षित क्षमता घटते.

गळती व दमटपणा : कौल सरकणे, पत्र्याच्या खिळ्यापाशी छिद्र पडणे किंवा भिंतीतून ओल येणे यांमुळे पावसाळ्यात सॉकेटमध्ये व जोडपेटीत पाणी शिरू शकते.

उंदीर व घुशी : उघड्या तारांचे आवरण उंदीर कुरतडतात. सामानाच्या मागे घडलेला हा प्रकार लवकर लक्षात येत नाही.

धातूचे छप्पर : तारेचे आवरण खरवडले जाऊन आतील तांबे पत्र्याला किंवा लोखंडी कैचीला टेकल्यास सर्व छपरात वीज उतरू शकते. अशा छपराला बांधलेल्या तारेवर ओले कपडे वाळत घालताना वीजधक्का बसण्याचा संभव असतो.

ज्वालाग्राही साठा : कागद, गाद्या, कपडे, पोती व वाळलेले लाकूड यांच्याजवळ सैल जोडातून ठिणगी उडाल्यास आग वेगाने पसरते. वर झोपलेल्या माणसांना खाली उतरण्यास बहुधा एकच अरुंद शिडी असते, त्यामुळे धोका वाढतो.

कमी उंची : माळ्यावर वाकून वावरावे लागते. डोके, हात किंवा उचललेली वस्तू दिव्याला, पंख्याला वा तारेला सहज लागू शकते.

कायदेशीर तरतुदी

विद्युत अधिनियम, २००३ मधील कलम ५३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणास सुरक्षाविषयक विनियम करण्याचा अधिकार आहे. त्यानुसार २०१० साली केलेल्या विनियमांच्या जागी २०२३ चे विनियम आले. अस्तित्वात असलेल्या संचमांडणीत वाढ, फेरफार किंवा दुरुस्ती करायची असल्यास ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून, म्हणजेच वायरमनकडून व्हावी, असे हे तत्त्व आहे. पूर्वीच्या भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येही ते होते. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलणे यास सूट आहे. मात्र त्यामुळे संचमांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जळालेला दिवा घरमालकाने स्वतः बदलणे या सुटीत बसते. माळ्यावर नवीन सॉकेट काढणे बसत नाही.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराकडून काम पूर्ण झाल्याचा व चाचण्यांचा लेखी अहवाल घ्यावा. नवीन उपकरणांमुळे घराचा एकूण भार वीज कंपनीने मंजूर केलेल्या भारापेक्षा जास्त होणार असल्यास भारवाढीसाठी आधी अर्ज करावा लागतो. चाळीत किंवा भाड्याच्या घरात मीटरची खोली व अर्थिंग सामाईक असल्यामुळे मालकाची अथवा संस्थेची संमतीही आवश्यक ठरते.

पूर्वतपासणी

नवीन सॉकेट कोठे बसवायचे हे ठरवण्यापूर्वी घराच्या मूळ वायरिंगची तपासणी करावी. तपासणी मीटरपासून सुरू करून वितरण पेटीमार्गे माळ्यापर्यंत न्यावी. तीत पुढील बाबी पाहिल्या जातात.

१. तारांची स्थिती : जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवर क्लिपांनी बसवलेल्या, रबरी आवरणाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारा अजूनही आढळतात. रबर कालांतराने कडक होऊन तडकते. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार थेट पिळून जोडल्यास जोड गंजतो, सैल होतो व तापतो. अशा तारांवर नवीन भार टाकू नये; आधी त्या बदलून घ्याव्यात.

२. अर्थिंग : अनेक जुन्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, परंतु त्याच्या वरच्या छिद्राला अर्थची तारच जोडलेली नसते. अर्थिंग अस्तित्वात आहे व त्याचा रोध योग्य आहे याची मापकाने खात्री करावी. नळाच्या पाइपला जोडलेली तार अर्थिंग म्हणून ग्राह्य धरू नये, कारण नळजोडणीत मध्येच प्लॅस्टिकचा पाइप असल्यास जमिनीशी संपर्क तुटतो.

३. संरक्षक साधने : वितरण पेटीत एमसीबी आणि आरसीसीबी ही दोन्ही साधने आहेत का, हे पाहावे. एमसीबी जादा भार व शॉर्टसर्किट यांपासून तारांचे रक्षण करते. माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाणारा अल्प प्रवाह ओळखणे तिच्या कक्षेत नसते. ते काम आरसीसीबीचे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतील फरक ती मोजते. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेची आरसीसीबी योग्य समजली जाते. तेवढ्या गळतीला तिने जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पुरवठा तोडणे अपेक्षित असते.

४. इन्व्हर्टर : घरात इन्व्हर्टर असल्यास मुख्य स्विच बंद केल्यावरही काही तारांत वीज राहते. कोणते पॉइंट इन्व्हर्टरवर आहेत, याची नोंद काम सुरू होण्यापूर्वी करावी.

भाराचे गणित

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असतो. उपकरणाच्या वॅटला २३० ने भागले असता त्यास लागणारा प्रवाह ढोबळमानाने अँपिअरमध्ये मिळतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे १,३८० वॅटपर्यंत, तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३,६८० वॅटपर्यंत भार घेता येतो.

एखाद्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या माळ्यावर ९ वॅटचा एलईडी दिवा, ७५ वॅटचा पंखा, ६५ वॅटचा लॅपटॉप आणि २० वॅटचा चार्जर असेल, तर एकूण भार १६९ वॅट, म्हणजे पाऊण अँपिअरहूनही थोडा कमी होतो. त्याच माळ्यावर २,००० वॅटचा हीटर लावल्यास एकट्या त्याचा प्रवाह ८.७ अँपिअर होतो.

भारतीय प्रघातानुसार दिवे, पंखे व ६ अँपिअरची सॉकेट यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार ठेवला जात नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी स्वतंत्र सर्किट असते व त्यावर सामान्यतः दोनपेक्षा अधिक सॉकेट घेत नाहीत. वरील उदाहरणातील अभ्यासाचा भार, जुन्या सर्किटवर तेवढी जागा शिल्लक असल्यास, त्यात सामावू शकतो. हीटर, इस्त्री किंवा वातानुकूलन यंत्र यांसाठी मात्र वितरण पेटीपासून नवे सर्किट आणावे लागते.

तारेची जाडी ठरवताना उष्णतेचाही हिशेब करावा लागतो. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०३६४ या मानकातील तक्त्यांनुसार भिंतीवरील नळीतून नेलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या तारांची क्षमता ३० अंश तापमानाला २४ अँपिअर असते. भोवतालचे तापमान ५० अंश असल्यास या क्षमतेला ०.७१ ने व ६० अंश असल्यास ०.५० ने गुणावे लागते. म्हणजे तीच तार ५० अंशांना सुमारे १७ अँपिअर आणि ६० अंशांना केवळ १२ अँपिअर सुरक्षितपणे वाहून नेते. दुसऱ्या स्थितीत १६ अँपिअरची एमसीबी या तारेचे रक्षण करू शकत नाही, कारण एमसीबी खाली पडण्यापूर्वीच तार मर्यादेबाहेर तापलेली असते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेची मूळ क्षमता ३२ अँपिअर असल्याने ६० अंशांनाही ती १६ अँपिअर वाहू शकते. तापणाऱ्या छपराखाली एक पायरी जाड तार वापरण्याचा सल्ला दिला जातो तो या कारणाने. तार शक्यतो छपराला न चिकटवता भिंतीच्या खालच्या भागातून नेल्यास उष्णतेचा परिणाम आणखी कमी होतो.

साहित्य

तारा आयएस ६९४ या भारतीय मानकाच्या, प्लग व सॉकेट आयएस १२९३ च्या, पाइप आयएस ९५३७ च्या आणि आरसीसीबी आयएस १२६४० च्या असाव्यात. वायरिंगच्या पद्धतीसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही मानके आहेत. वस्तूवर आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे.

दिव्यांसाठी सामान्यतः १.५ चौरस मिलिमीटरची आणि सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. जड भारासाठी किंवा उष्ण जागी ४ चौरस मिलिमीटरची घेतात. आग पसरू न देणाऱ्या एफआर किंवा धूरही कमी करणाऱ्या एफआरएलएस प्रकारच्या तारा पोटमाळ्यासाठी अधिक योग्य आहेत. तारा उघड्या न ठेवता कडक पीव्हीसी पाइपातून न्याव्यात. उंदरांचा उपद्रव जास्त असल्यास अर्थ केलेला पोलादी पाइप वापरतात. लहान मुलांचा वावर असल्यास झडप असलेले सॉकेट निवडावे.

भारतात एकफेजी वायरिंगमध्ये फेजसाठी लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलसाठी काळी आणि अर्थसाठी हिरवी अथवा हिरवी-पिवळी तार वापरण्याची रीत आहे. उपकरणांच्या लवचीक तारेत मात्र निळी तार न्यूट्रलची असते. त्यामुळे केवळ रंगावरून अनुमान न काढता प्रत्येक तार मापकाने तपासावी लागते.

जोडणीची पद्धत

पुढील क्रम तारतंत्र्याच्या कामाचा असून घरमालकाने तो समजून घेतल्यास कामावर योग्य देखरेख ठेवता येते.

प्रथम मुख्य स्विच व इन्व्हर्टर दोन्ही बंद करून 'काम चालू आहे' अशी सूचना पेटीवर लावली जाते. पुरवठा खरोखर बंद झाला आहे, याची खात्री मापकाने करतात. निऑन दिव्याचा खिशातील टेस्टर यासाठी पुरेसा विश्वसनीय नसतो. तो पेटला नाही म्हणून तार निर्जीव आहे असे समजू नये.

त्यानंतर पाइप शक्यतो उभ्या व आडव्या सरळ रेषेत बसवतात. तिरकस नेलेला पाइप पुढे भिंतीत खिळा ठोकताना लक्षात येत नाही. काँक्रीटच्या तुळईत किंवा खांबात खाच पाडून सळया उघड्या करू नयेत. लाकडी तुळईला छिद्र पाडायचे असल्यास ते तुळईच्या उंचीच्या मध्यावर घेतात, खालच्या कडेशी घेत नाहीत. शिडीच्या मार्गावर, पायाखाली किंवा कौलांच्या सांध्याखाली तार येऊ देत नाहीत.

पाइपातून फेज, न्यूट्रल व अर्थ या तिन्ही तारा एकत्र ओढल्या जातात. पाइपाच्या आत जोड ठेवत नाहीत. आवश्यक जोड झाकण असलेल्या जोडपेटीत, कनेक्टरने करतात आणि ही पेटी सामानाखाली दडणार नाही अशा जागी ठेवतात. सॉकेट समोरून पाहिले असता वरच्या मोठ्या छिद्राला अर्थ, उजव्या छिद्राला फेज आणि डाव्या छिद्राला न्यूट्रल जोडतात. स्विच नेहमी फेजच्या तारेवर असतो. नवीन सर्किटचा न्यूट्रल त्याच सर्किटच्या आरसीसीबीमधून आलेला असावा लागतो. शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल घेतल्यास आरसीसीबी विनाकारण पडते. धातूची कैची किंवा पत्रा स्पर्शाच्या टप्प्यात असल्यास तोही अर्थला जोडून घेण्याचा विचार करतात.

चाचण्या

पुरवठा सुरू करण्यापूर्वी अर्थच्या तारेचे सातत्य, तारांचा आवरणरोध आणि फेज-न्यूट्रलची योग्य बाजू तपासली जाते. आवरणरोध मेगरने, ५०० व्होल्ट एकदिश दाबावर मोजतात व तो किमान १ मेगओहम असावा लागतो. या मोजणीपूर्वी सर्व उपकरणे व दिवे काढून ठेवतात. पुरवठा सुरू केल्यानंतर आरसीसीबी ठरावीक वेळेत पडते का, हे यंत्राने पाहतात. मोजलेले आकडे अहवालात नोंदवून घ्यावेत. पुढे बिघाड झाल्यास तुलनेसाठी ते उपयोगी पडतात.

नेहमीच्या चुका

सॉकेटमध्येच अर्थचे टोक न्यूट्रलला जोडणे ही अत्यंत घातक चूक आहे. एखाद्या दिवशी न्यूट्रलची तार तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट दाब येतो आणि स्पर्श करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी अधिक अँपिअरची बसवणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे, ही दुसरी चूक होय. यामुळे संरक्षण नष्ट होऊन भिंतीतील तारच फ्यूजप्रमाणे तापू लागते. वारंवार पडणारी एमसीबी जादा भाराची किंवा दोषाची सूचना देत असते.

आरसीसीबी बसवल्यामुळे अर्थिंगची गरज उरत नाही, हाही गैरसमज आहे. अर्थिंग असल्यास दोष उत्पन्न होताच पुरवठा तुटतो. नसल्यास माणसाचा स्पर्श होईपर्यंत दोष दडून राहतो. तसेच एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरल्यास, जमिनीकडे गळती नसेल तर आरसीसीबी तो धक्का ओळखू शकत नाही.

परदेशी पद्धतींशी तुलना

आंतरजालावरील अनेक मार्गदर्शक चित्रफिती ब्रिटनमधील घरांच्या असतात. तेथील पद्धत भारतापेक्षा वेगळी असल्याने तिचे थेट अनुकरण करू नये. भारतातील गोल पिनांचा प्लग जुन्या ब्रिटिश बीएस ५४६ मानकावरून आला आहे. ब्रिटनमध्ये आता बीएस १३६३ मानकाचा, चपट्या पिनांचा आणि आत फ्यूज असलेला १३ अँपिअरचा प्लग वापरतात. तेथे ३२ अँपिअरच्या वलयाकार सर्किटवर अनेक सॉकेट जोडण्याची प्रथा आहे आणि ती प्लगमधील फ्यूजवर अवलंबून आहे. भारतीय प्लगमध्ये असा फ्यूज नसतो. तेथील माळ्यावर थंडीपासून बचावासाठी घातलेल्या उष्णतारोधक थराखाली तार दबल्यास ती तापते. महाराष्ट्रात हाच परिणाम छपराच्या उन्हामुळे होतो. इंग्लंड व वेल्समध्ये घरगुती विद्युत कामासाठी इमारत नियमांचा 'पार्ट पी' हा भाग २००५ पासून लागू आहे.

वापर व देखभाल

माळ्यावरील सॉकेटसमोर मोकळी जागा ठेवावी आणि गाद्या, कागद किंवा कपडे त्याला टेकवू नयेत. एका सॉकेटवर अनेक प्लग घेणारे जोड वापरू नयेत. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, सामान्यतः महिन्यातून एकदा, दाबून पाहावे. पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी करताना माळ्यावरील पाइप, जोडपेट्या व सॉकेट यांचीही पाहणी करून घ्यावी. सॉकेट गरम लागणे, करपल्याचा वास येणे, दिवे मिणमिणणे किंवा पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येणे ही दोषाची लक्षणे आहेत. ती आढळल्यास मुख्य पुरवठा बंद करून तारतंत्र्यास बोलवावे.

एखाद्यास वीजधक्का बसल्यास त्याला हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडासारख्या दुर्वाहक वस्तूने त्याला तारेपासून दूर करावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. विजेमुळे लागलेल्या आगीवर पुरवठा चालू असताना पाणी टाकू नये. पोटमाळ्यावर झोपण्याची सोय असल्यास शिडीचा मार्ग नेहमी मोकळा ठेवावा, आणि मुख्य स्विच कोठे आहे व तो कसा बंद करावा हे मुलांसह घरातील प्रत्येकास दाखवून ठेवावे.